चव खडकाची की उताराची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बागेतल्या खडकाची चव थेट पेल्यात उतरते, असे वाइनविषयीच्या लेखनात सर्रास वाचायला मिळते. विधान मोहक आहे. परंतु द्राक्षवेलीची मुळे खडक शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये घेतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे वाइनमधील प्रमाण जिभेला जाणवण्याइतकेही नसते. माती निरर्थक आहे असे मला म्हणायचे नाही. तिचा प्रभाव कोणत्या वाटेने येतो, एवढाच प्रश्न आहे.

ती वाट मुख्यतः पाण्याची आहे. टेकडीच्या माथ्याकडे मातीचा थर पातळ असतो, तर पायथ्याशी वाहून आलेला गाळ साचून ओल टिकते. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या कोत द'ओरच्या उतारावर ग्राँ क्रू म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागा बहुतांशी मधल्या पट्ट्यात आहेत, त्या उगाच नव्हे. तिथल्या चुनखडी-चिकणमातीतून जादा पाण्याचा निचरा होतो, तरी वेल सुकत नाही. मणी रंग धरण्याच्या सुमारास पाण्याचा थोडा ताण बसला की शेंड्याची वाढ थांबते, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढून लाल वाइनला गडद रंग व तुरटपणा येतो.

दुसरी बाब उष्णतेची. जर्मनीतील मोझेलचे खोरे सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या थंड प्रदेशात रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचे द्राक्ष पिकते, कारण दक्षिणाभिमुख उभ्या उतारावर ऊन अधिक सरळ पडते, काळसर पाटीचा दगड दिवसा तापून रात्री ऊब परत देतो आणि जड थंड हवा खाली सरकते. (अशा कड्यांवर बहुतेक कामे हातानेच करावी लागतात, हे किमतीबद्दल कुरकुरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) उलट उष्ण प्रदेशात उंचीच उपयोगी पडते: दर 100 मीटरला तापमान साधारण 0.6 अंश सेल्सिअसने उतरते, आणि गारव्यात द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल टिकून राहिल्याने वाइन तरतरीत लागते.

बर्गंडीतील बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका 1354 पासून जुळवण्यात आली आहे. तीनुसार 1988 नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस आधी होऊ लागली. खडक तर तोच आहे. बदलले ते हवामान. तेव्हा वाइनची ओळख करून देताना खडकाच्या नावासोबत उताराची दिशा, मातीची खोली आणि तोडणीची तारीखही द्यावी, अशी लेखकांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक