गणपतीला याल तेव्हा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

रविवारी फोनवरच सांगणार होतो, पण बाबा गुडघ्याचं बोलत होते, माझा धीर झाला नाही. परवा चार डुकरं आणली. दोन महिन्यांची पिल्लं, पांढरी यॉर्कशायर. तीन माद्या, आणि नर मुद्दाम दुसऱ्या विणीतला. पैसे देऊन झालेत, त्यामुळे 'आणू नकोस' म्हणू नका.

लोक काय म्हणतील ते मलाही ऐकू येतं. पण बाबा, केळी माकडं ठेवत नाहीत, आणि तांबू गेल्यावर गाई ठेवणं मला झेपलं नाही, हे तुम्ही पाहिलंयत. इथून गोवा तासाभरावर, तिथे गिऱ्हाईक आहे. माद्या आठेक महिन्यांच्या झाल्या की फळवायच्या, मग ११४ दिवसांत पिल्लं. हिशोब वहीत मांडलाय. आल्यावर तुम्हीच चुका काढा.

आई, शेड काजूंच्या पलीकडे, पूर्वेला आहे. पावसातला वारा वास उलट नेतो. थंडीत थोडा येईल, खोटं नाही सांगत. शेडचे कपडे तिथेच राहतात, विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकत नाही. देवघराची काळजी करू नकोस. आणि ती घाणेरडी नसतात गं. घाम येत नाही म्हणून बिचारी चिखलात लोळतात. मी दुपारी पाणी मारतो, तर पाइपाखाली रांग लावतात. गोणपाटात लपवलेलं ते कुत्र्याचं पिल्लू आठवतं? 'कावळ्याला घालते' म्हणून तू त्याला भात घालायचीस आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पिल्लांना डुकरांच्या तापाची लस टोचून घेतोय. डुकरांच्याच आफ्रिकन तापावर मात्र औषध नाही. तो माणसाला होत नाही, पण चपलांवरून शेडात येऊ शकतो. तेव्हा बाबा, दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. तुम्हीसुद्धा.

न्हाणीशेजारी कमोड बसवलाय, धरायला दांडाही आहे. तुतारी एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ताईला त्याच दिवशी करायला सांगा. दोघांनाही खालचा बर्थ. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आई, साखर तपासून आकडा कळव, 'बरी आहे' हे उत्तर चालणार नाही. रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना पुन्हा विचार.

आणि तुझी दूध काढायची कासांडी मी शेडात नेलेली नाही. माळ्यावर आहे, होती तिथेच.

तुमचा,
बाळू