चोवीस तासांच्या आत

नौपाडा, ठाणे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोनवर फार चिडली होतीस. रात्रंदिवस खपून काढलेला डीएनएचा डेटा शोधनिबंध छापून यायच्या आधीच खुला करायचा, आणि उद्या त्यावर दुसऱ्याच कुणी नाव कमावलं तर? भीती खोटी नाही तुझी. पण ही काही तुझ्या सरांची लहर नव्हे, तुझ्या जन्माआधीचा ठराव आहे.

फेब्रुवारी १९९६. माणसाच्या डीएनएतली सगळी अक्षरं, म्हणजे मानवी जीनोम, वाचणाऱ्या प्रयोगशाळांची माणसं बर्म्युडाला जमली होती. त्यांतले एक ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांनी तिथल्या फळ्यावर मुद्दे लिहिले: हजार अक्षरांहून मोठा तुकडा जुळला की शक्यतो चोवीस तासांत सर्वांसाठी खुला. सल्स्टन आणि त्यांचे अमेरिकन सहकारी बॉब वॉटरस्टन हे सूत्रकृमी या बारीकशा किड्याच्या जीनोमवर काम करताना आधीपासूनच आपला डेटा असा खुला करत आले होते, म्हणून त्यांना ते बोलायचा अधिकार होता.

माझ्या बारावीच्या वर्गाला मात्र जिम केंटची गोष्ट जास्त आवडायची. मानवी जीनोम आधी कोण पुरा करतं या शर्यतीत सेलेरा ही खासगी कंपनी उतरलेली, सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकड्यांचा ढीग, पण तो सांधणार कोण? कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठातला हा पीएच.डी.चा विद्यार्थी साधारण चार आठवडे प्रोग्रॅम लिहीत बसला, रात्री मनगटं बर्फाने शेकत. (तू हे असलं काही करू नकोस. हात दुखला की झोप.) २२ जून २००० ला जुळणी झाली आणि ७ जुलैला ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी आली. ते तुकडे कुणाच्या कपाटात कुलूपबंद असते, तर एका विद्यार्थ्याच्या हातून हे झालं असतं का?

एका बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे. तुझे नमुने माणसांचे आहेत. त्यांनी संमती कशाला दिली, ते आधी बघायला हवं. ‘१००० जीनोम’ प्रकल्पात २,५०४ जणांचा डेटा खुला झाला, तो त्यांच्या संमतीने. त्यात गुजराती आहेत, पण ह्यूस्टनचे. तेलुगू आहेत, पण ब्रिटनमधले. भारतात घेतलेले नमुने आले ते ‘जीनोम इंडिया’त, सुमारे १०,००० जणांचे. तो डेटा फरिदाबादच्या जैविक डेटा केंद्रात आहे आणि संशोधकांना अर्ज करूनच मिळतो. मला ही पद्धत योग्य वाटते.

तेव्हा सरांशी भांडू नकोस. संमतीपत्रात नेमकं काय लिहिलंय आणि डेटासोबत तुझं नाव व तारीख कुठे नोंदली जाणार, हे दोन प्रश्न ईमेलने विचार. तोंडी नको.

तुझी,
आई