ठिपके गेले आणि मी गप्प राहिलो

रत्नागिरी,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आक्का, तुझ्या क्लाउनफिशच्या जोडीतली मादी, गेली. १३ जूनच्या सकाळी गेली, म्हणजे आज ६६ दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत मी तुझे तीन फोन टाळले व तुझ्या निरोपांना नुसता अंगठा पाठवून वेळ मारून नेली. घरी सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा पावसाप्रमाणे कमीजास्त होतो, माझे बरे चालले आहे. बाकी कोणाला हे पत्र लिहिले असते तर “एका माशासाठी एवढे?” असे उत्तर आले असते, म्हणून ते तुलाच लिहितो आहे.

तू रागावणार हे गृहीत धरूनच सांगतो. २४ मे रोजी भाचा मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसने थर्माकोलच्या खोक्यात एक पावडर ब्लू टँग घेऊन आला. हा मासा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी किती बदनाम आहे हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण तूच ते मला दहा वेळा सांगितले होतेस. मी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, नंतर तासभर थेंबथेंब पाणी मिसळले आणि आपण फार काळजी घेतली अशा समाधानात त्याला सोडून दिले. ती काळजी तापमानाची आणि खारटपणाची होती. रोगाचा त्यात कुठे विचारच नव्हता. मे २०२० मध्ये तू मुंबईहून आलास तेव्हा गावाने तुला चौदा दिवस शाळेत ठेवले, तू खिडकीतून माझ्या नावाने शंख करत होतास आणि मी पेजेचा डबा हातात घेऊन ग्रामपंचायतीची बाजू मांडत होतो, हे तुला आठवत असेलच. वर्गमित्राला चौदा दिवस कोंडणाऱ्या माणसाने दुकानातून आलेल्या माशाला एक दिवसही वेगळे ठेवले नाही.

१ जूनला टँगच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. ३ जूनला ते नाहीसे झाले. त्याच रात्री तुझा फोन आला, तू “आक्का काय म्हणते?” असे विचारलेस आणि मी “मजेत आहे” म्हणालो. माझ्या मनाला डाचते ते हेच वाक्य. ठिपके जाणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे तू त्या कागदावर वर्तुळ काढून मला शिकवले होतेस: तो परजीवी माशाच्या कातडीखाली काही दिवस पोट भरतो, मग बहुधा पहाटेच्या अंधारात आपणहून गळून पडतो, तळाला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या एका कवचातून शेकड्यांनी पिल्ले बाहेर पडतात, ज्यांना एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. माझ्या टाकीत मासे शोधायला त्यांना लांब जावे लागणार नव्हते. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्या रात्री मला तो आठवलाही होता, पण आठवला असे कबूल केले असते तर पुढचे सगळे करावे लागले असते.

१० जूनपर्यंत टँग, आक्का आणि तिचा जोडीदार नाना अशा तिघांच्याही अंगावर ठिपके आले. मखमल नावाचा तो दुसरा रोग नव्हता, हे तुझ्या मनात आधी येईल म्हणून सांगून टाकतो. अंगावर सोनेरी धुरळा नव्हता, आणि मखमल असती तर एवढे दिवसही मिळाले नसते. तांब्याचे औषध मुख्य टाकीत घालणे शक्यच नव्हते, कारण कोळंबी, शंख आणि पोवळी त्याने मेली असती आणि दगडांनी ते शोषून घेतले असते. वेगळ्या टाकीत घालायचे तर तांबे मोजण्याचा संच हवा, कारण कमी पडले तर उपयोग नाही आणि जास्त झाले तर मासाच जातो. आमच्याकडे तो संच मिळाला नाही आणि मागवलेला कुरिअरने १६ तारखेला आला. तोवर टँग ११ला आणि आक्का १३ला गेली होती. शेवटचे दोन दिवस ती पंपाच्या प्रवाहाशी तोंड करून भराभर श्वास घेत होती, आणि नाना तिच्या पोटाखालून हलत नव्हता. आईने लसूण वाटून खाण्यात मिसळायला सांगितले, तेही केले. टाकीला फोडणीचा वास आला, दुसरे काही झाले नाही.

नाना वाचला. त्याच दुपारी मी त्याला बाहेर काढून टब बदलण्याचा तुझा उपाय सुरू केला. दर तीन दिवसांनी नवे पाणी, नवा टब, असे चार वेळा केले, म्हणजे त्याच्या अंगावरून गळून पडलेल्या परजीवींची सगळी कवचे फुटण्याआधीच मागे राहिली. रिकामा टब धुऊन कोरडा ठणठणीत करायचा, जाळी वेगळी, बादली वेगळी, हात कोपरापर्यंत धुवायचे. जाळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून एकीला लाल दोरा बांधला आहे. हेच सगळे तू करायचास तेव्हा “जिवंत माशाला बादलीत महिनाभर एकटे ठेवणे ही क्रूरता आहे” असे मी तुला सुनावले होते आणि त्यावरून आपण शिमग्यापासून आषाढीपर्यंत बोललो नव्हतो. ते शब्द मी मागे घेतो. तू मला उलट जे म्हणाला होतास ते मात्र मी मागे घेऊ देणार नाही, कारण ते खरे निघाले.

आता नाना चाळीस लिटरच्या उघड्याबोडक्या टबात आहे. वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लंबरकडून आणलेला पाइपचा एल्बो आणि एक स्पंजचा फिल्टर. अमोनिया पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून स्पंज आधीपासून मुरवून ठेवायचा असतो हे मी अर्थातच विसरलो होतो, त्यामुळे अमोनिया वाढू नये म्हणून पहिले तीन आठवडे रोज पाणी बदलले. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मी पोत्याने मीठ विकत आणतो, यावर तू पोट धरून हसायचास. पण पावसाळ्यात काजळी नदीचे गढूळ पाणी भाट्याच्या समुद्राला मिळते तेव्हा तिथला खारटपणा कोणाच्या भरवशावर धरायचा? वीज गेली की हवेचा पंप बॅटरीवर चालतो, आणि रात्री त्याची घरघर थांबली तर मला जाग येते.

मोठ्या टाकीत एकही मासा नाही. मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. माझ्या टाकीची ७६ दिवसांची, कारण काही कवचे फार उशिरा फुटतात. ट्रॉलर बाहेर पडले, नारळी पौर्णिमा झाली, आणि मी अजून कोळंबीला चारा घालत रिकाम्या पाण्याकडे बघतो आहे. मुदत २८ ऑगस्टला, ऋषिपंचमीच्या दिवशी संपते.

मीनलचे बारावीचे कळले, तिला माझे आशीर्वाद सांग. नागपूरची बदली अजून किती वर्षे आहे? वहिनींना नमस्कार.

आता खरा प्रश्न. नानाला एकटे ठेवायचे, की लहान जोडीदार आणायचा? आणला तर आता मोठा नानाच, आणि या माशांत जोडीतला मोठा तो मादी होतो, म्हणजे काही महिन्यांनी नानाचीच आक्का होणार, आणि ते बघायला मन तयार होत नाही. मासे तुझे आहेत, तू माझ्याकडे सांभाळायला दिले होतेस, म्हणून निर्णय तुझा. आणायचा ठरला तर तो पैदास केंद्रातलाच आणीन, आणि तोही थेट टाकीत जाणार नाही. दुसरा टब मी पडवीत मांडला आहे, त्याचा स्पंज ४ ऑगस्टपासून मोठ्या टाकीत मुरत आहे आणि २८ तारखेपूर्वी तो तिथून काढणार नाही. तांबे वापरू की टबच बदलत राहू, एवढे कळव. चतुर्थीला येणार असशील तर तुझ्याकडचा खारटपणा मोजायचे यंत्र घेऊन ये, माझ्या यंत्रावर माझा विश्वास राहिलेला नाही.

तुझा,
अनंत