शहाद्याच्या सोलरवाल्या दादांना

दादा, नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण धडगाव तालुक्यातला पाडा आणि शाळेच्या पत्र्यावरच्या चार सोलर प्लेटा म्हटलं की तुम्हाला कळेलच.

मे महिन्यात सिस्टीम बसली, उन्हाळा पावसाळा छान चालली आणि डिसेंबरात एका सकाळी कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज बॅटरीत भरणारा डबा, उडाला. ज्यांनी बसवली ते फोनवरच म्हणाले वीज पडली असेल. डिसेंबरात कुठली वीज? पालकांनी ऊसतोडीच्या पैशातून वर्गणी दिली, नवा बसवला, पुढच्या थंडीत तोही गेला, तेव्हा ऐकवलं की तुम्ही लोक नीट वापरत नाही. ते "तुम्ही लोक" अजून टोचतंय मला.

तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "मॅडम, दोन्ही वेळेला थंडीतच गेला का?" हे कोणी विचारलंच नव्हतं हो. मग वर चढून, प्लेटेखाली मान घालून मागचं स्टिकर वाचलंत आणि खाली येऊन फळ्यावर मांडलंत, एका प्लेटचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच वीज ओढली जात नसतानाचं व्होल्टेज, ३८, चारही सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे बेरीज १५२, आणि कंट्रोलर जास्तीत जास्त १५० चा. प्लेट तापली की व्होल्टेज उतरतं म्हणून उन्हाळा निभावला, थंडीत ते चढतं, १० डिग्रीच्या सकाळी ऊन पडलं की थेट १५९ च्या आसपास. चौथीची पोरं वहीत गुणाकार करून बघत होती. मग तुम्ही जोडणी बदललीत: दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये, त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, म्हणून व्होल्टेज ७६ च, २४ व्होल्टच्या बॅटरीला भरपूर, आणि वॅट तेवढेच. कंट्रोलर तेवढा नवा लागला, तो तुम्ही खरेदीच्या भावात दिलात.

पण मला रडू आलं ते नंतर. डिसेंबरात टेकडीवर रेंजमध्ये गेले तर तुमचा मेसेज येऊन पडलेला, "मॅडम, थंडी वाढलीय. उद्या ऊन पडतानाच डिस्प्लेवर प्लेटचे व्होल्ट बघा आणि कळवा." काम होऊन सहा महिने झालेले, पैसे कधीच चुकते झालेले, तरी तिकडे शहाद्यात थंडी वाजल्यावर तुम्हाला आमच्या पत्र्यावरच्या प्लेटा आठवल्या. दुसऱ्या दिवशी शाल गुंडाळून मी आणि दोन पोरी कंट्रोलरच्या बॉक्ससमोर उभ्या, आकडा चढत चढत ७८ वर थांबला. मी परत टेकडी चढून तुम्हाला कळवलं, तुमचं उत्तर एवढंच, "मग काळजी नाही."

आमच्याकडे काम करून जाणारे खूप येतात दादा, मागे वळून विचारणारं माणूस क्वचित भेटतं. अशी माणसं आहेत म्हणून दुर्गम भागात नोकरी करायला बळ येतं.

फळ्यावरचं ते गणित पोरींनी पेंटने बॉक्सच्या झाकणावर आतून लिहून ठेवलंय. होळीला पाड्यावर या, सगळे वाट बघतायत.

तुमची,
शाळेच्या मॅडम