आधी आकडा, मग सुरी

महोदय,

सुट्टीच्या दिवशी चार-सहा हौशी मंडळी जमून भट्टी पेटवतात, लोखंड ठोकतात, ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की जो तो पहिल्याच दिवशी सुरी करायला बसतो. यूट्यूबवर सुऱ्याच दिसतात, त्याला कोण काय करणार! पण सुरीत ठोकण्यापेक्षा पाणी देण्याचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवून कडक करण्याचं, काम नाजूक. ते कच्च्या हाताला साधत नाही, आणि दिवसभराच्या मेहनतीचं पातं तडकलं की माणूस पुन्हा फिरकत नाही.

पहिला दिवस आकड्याचा, म्हणजे काही अडकवायच्या हुकाचा, ठेवावा. माइल्ड स्टीलच्या ८ मिमी चौकोनी सळईचा २०० मिमीचा तुकडा पुरतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात. टोक काढताना आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग चारही कोपरे मारून अठकोनी आणि शेवटी गोल. घाईने थेट गोल फिरवत ठोकलं तर बाहेरचा थर पुढे सरकतो, गाभा मागे राहतो, आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पडून चीर जाते. ती ठोकून मिटत नाही; तेवढं टोक छाटावंच लागतं. सळई नेमकी पाव फेरा फिरली नाही तर चौकोनाचा शंकरपाळा होतो. तो दिसताच बाजू मारणं थांबवून लांबट कोपऱ्यांवर हलके घाव घालावेत. मधल्या भागाला पीळ द्यायचा असेल तर तो भाग सारखा तापलेला हवा, कारण जिथे जास्त तापतं तिथे पीळ घट्ट बसतो. आकडा बिघडला तर वाया जातं ते वीतभर लोखंड.

एका भट्टीत एका वेळी तीनपेक्षा जास्त सळया नकोत. चौथी हमखास विसरली जाते आणि भट्टीतून फुलबाजीसारख्या चांदण्या उडू लागतात. म्हणजे लोखंड जळलं, ते टोक कापून टाकायचं. सळई हवेच्या नळीच्या तोंडाशी खुपसू नये. खाली १०-१५ सेंमी पेटता कोळसा असू द्यावा, नाहीतर थेट वारा लागून लोखंडावर नुसती जळकी खपली धरते. ठोकणं पिवळट नारिंगी रंगावर सुरू करावं आणि गडद लाल होताच थांबवावं. हे रंग उन्हात दिसत नाहीत, म्हणून भट्टी सावलीत हवी. भाजण्याचे प्रकार मात्र लाल लोखंडापेक्षा काळ्या पडलेल्या लोखंडाने जास्त होतात. ४०० अंशांचं लोखंडही दिवसा थंडच वाटतं. तापलेला माल ठेवायची जागा एकच असावी, आणि तिथलं काहीही सांडशीनेच उचलावं.

घण मारणारा दुसरा असेल तर बोलून काम होत नाही. धरणाऱ्याने लहान हातोडीने जागा दाखवायची, घण तिथेच पडायचा. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की घण थांबला पाहिजे. हे थंड लोखंडावर आधी दहा मिनिटं करून घ्यावं.

‘घरातलं कुठलंही भंगार आणा’ असं अशा मेळाव्याच्या निमंत्रणात कृपया लिहू नये. जस्त चढवलेला जीआय पाइप किंवा तसाच बोल्ट भट्टीत गेला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बांधकामाच्या टीएमटी सळईत कार्बन कमी, तिची सुरी धार धरत नाही. ऐरणीसाठी रुळाचा तुकडा उत्तम, पण तो पावतीसह लिलावातलाच हवा. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे.

सुरीसाठी ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा चालतो. मात्र जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि त्या पाणी दिल्यावरच उघड होतात. हा पाटा पाण्यात बुडवू नये, तडकतो. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून ५०-६० अंश गरम केलेल्या खाद्यतेलात पूर्ण बुडवावा. अर्धवट बुडवला तर तेल पेटू शकतं, म्हणून पत्र्याचं झाकण हाताशी ठेवावं. पेटत्या तेलावर पाणी कधीच ओतू नये. लगेच उतरणी द्यावी, म्हणजे बेताने पुन्हा तापवून पात्याचा ठिसूळपणा कमी करावा: ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास, दोनदा. ती टाळली तर पातं काचेसारखं मोडतं.

ओव्हनशिवाय हेच काम घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, करतात. खुरप्याची फक्त धार विझवायची, विटेच्या तुकड्याने घासून पांढरी करायची, आणि मागची धग पुढे सरकताना पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धारेकडे येताना पाहायचे. दगडाळ रानातलं खुरपं असेल तर जांभळ्या-निळ्यावर धरून पुन्हा विझवायचं. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. घिसाडी कुटुंबात घण बहुधा बाई मारते, तेव्हा वर सांगितलेली ऐरणीवरची खूणही तिथे रोज पाहायला मिळते. पावसाळ्याआधी ही पालं रस्त्याकडेला असतात. त्यांना ‘प्रात्यक्षिक दाखवा’ म्हणून फुकट बोलावू नये. दोघांची पूर्ण दिवसाची मजुरी आधी ठरवावी, कोळसा कट्ट्याने पुरवावा, आणि त्या दिवशी हौशी मंडळींनी घरची खुरपी-विळेच घेऊन यावं.

— एक वाचक, सातारा