सिस्टर, त्या चड्डीबद्दल

प्रिय सिस्टर,

तुमच्याकडे दिवसभरात इतकी मुलं येतात, त्यात आम्ही आठवत असू की नाही कोण जाणे. सहा वर्षांचा मुलगा, भिंतीकडे तोंड करून उभा, बसायलाच तयार नाही. आणि मी, पिशवीत तीन जादा चड्ड्या घेऊन आलेली. आठ महिने झाले, तरी तो दिवस आठवला की अजून गळा दाटतो.

तुमच्याकडे येण्याआधी वर्षभर आम्ही काय काय ऐकलं! एका डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता हे जुलाब आहेत असं ठरवलं आणि जुलाब थांबवायचं औषध लिहून दिलं. त्यानंतर तो आणखी कुंथायला लागला. दुसऱ्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, ‘लाड कमी करा.’ शाळेत त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं गेलं. आणि मी, त्याची आई, एका रात्री त्याच्यावर ओरडले, ‘मुद्दाम करतोस ना?’ ते माझं मला अजून माफ करता आलेलं नाही.

त्या दिवशी तुमच्यासमोरच त्याला चड्डीत झालं. तो रडला नाही, फक्त डोळे मिटून घेतले. तुम्ही नाक मुरडलं नाही की कुणाला हाक मारली नाही. त्याचा हात धरून आत नेलंत, पुसलंत, स्वच्छ केलंत. चड्डी माझ्याकडे न देता स्वतः नळाखाली धरून धुतलीत, पिळलीत, घडी करून पिशवीत घातलीत. धुताना त्याच्याशी बोलत होतात, ‘अरे, तुझ्या पोटात मोठा खडा अडकलाय. त्याच्या बाजूने पातळ शी गळते. ती येते ते तुला कळतच नाही, मग तू थांबवणार कशी?’ त्याने डोळे उघडले आणि तुमच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा दोष नाही असं त्याला सांगितलं होतं.

माझी भीतीही तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. बद्धकोष्ठतेवरच्या पावडरीची सवय लागेल, आतडी आळशी होतील, हे मी सगळीकडून ऐकलं होतं. तुम्ही समजावलंत की त्या पावडरीतलं औषध, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आतड्याला डिवचत नाही, फक्त पाणी धरून ठेवतं, त्याने शी मऊ होते. ती पावडर अंगात जवळजवळ शोषलीच जात नाही. शी साचून साचून मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणला गेलाय, त्याला पूर्ववत व्हायला महिने लागतात, म्हणून दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर! आम्ही दरवेळी चार दिवसांत थांबवायचो आणि पुन्हा तेच रडं सुरू व्हायचं.

पहिले काही दिवस वाईट गेले. साचलेलं बाहेर पडावं म्हणून डॉक्टरांनी आधी पावडरीचा मोठा डोस सांगितला होता. घरभर धावपळ, चादरी, पोटात कळा. त्यात मी घाबरून फोन केला तेव्हा तुम्हीच उचललात आणि म्हणालात, ‘हे असंच व्हायचं असतं, तुम्ही बरोबर करताय.’ त्यानंतर कुठे मला झोप लागली.

ज्ञान तर अनेकांकडे असतं, सिस्टर. पण एका लहान मुलाची लाज ओळखून ती आपल्या हातांनी धुऊन टाकायची, हे फार थोड्यांना जमतं. त्यासाठी मोठं मन लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे.

आता डोस निम्मा झालाय. पाण्यात पावडर तोच ढवळतो, खडा राहिला नाही ना ते उजेडात धरून बघतो. परवा संडासातून हाक मारून म्हणाला, ‘आई, दुखलंच नाही!’ पुढच्या तपासणीला आला की ग्लास कसा ढवळायचा ते तुम्हाला दाखवणार आहे. त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर असाल ना, असं रोज विचारतोय.

तुमची,
त्याची आई