मर्चंट नेव्हीत पाठवताना एवढे विचारा

महोदय,

मार्च २०२४ मध्ये नौदलाने 'रुएन' जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना शरण आणून १७ खलाशी सोडवले. अभिमान आहेच. पण मदत यायला तास लागतात. चाचे आकड्याच्या शिडीने काही मिनिटांत वर चढतात. संथ चालणारे, माल भरून पाण्यात खोल बसलेले जहाज तर त्यांना आयतेच सापडते. म्हणून वेग १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किमी) वर, कठड्याला काटेरी तार आणि तरीही चढलेच तर इंजिन बंद करून सर्वांनी आतल्या बंदिस्त सुरक्षित खोलीत जायचे. एकजण जरी बाहेर सापडला तर तो ओलीस, मग खोलीचा उपयोग शून्य! आत सॅटेलाइट फोन हवाच. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' या जहाजावरचे २१ जण अशाच खोलीत सुखरूप राहिले. इथल्या पालकांनी पगार किती हे विचारण्याआधी विचारावे, की जहाजावर याचा सराव होतो का?

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर